सव्वा लाख चाललेली

गाडी बघायला जायचं ठरलं तेव्हा अंजली नाही म्हणायच्या तयारीनंच निघाली होती.

धम्मरत्नला नाही म्हणणं तसं अवघड नव्हतं. तो मुळातच फार विचार करणारा माणूस. कोथिंबीर घेतानासुद्धा जुडी सोडून आतली पानं बघणारा. चाकणच्या एका कंपनीत तो डिस्पॅचला होता. ट्रक भरून झाला, ड्रायव्हर चावी फिरवायला लागला, की हा म्हणायचा, "थांबा जरा, एकदा बघून घेतो." घरी कुलूप लावल्यावर जिन्यातून परत वर येऊन ते ओढून बघायचा. अशा माणसाला बेचाळिसाव्या वर्षी मोठ्या मोटरसायकलचं वेड लागावं, याचं अंजलीला नवल वाटत होतं.

वेड लागायला कारणही झालं होतं. लेक स्वरूपा अकरावीसाठी लातूरला मावशीकडे गेली आणि मोशीतलं घर एकाएकी रिकामं पडलं. सुरुवातीचे काही दिवस दोघं जेवून टीव्हीसमोर नुसते बसून राहायचे. मग एका संध्याकाळी धम्मरत्न म्हणाला, "अंजली, आपण अजून अजिंठा बघितलं नाही."

"सांची तरी कुठं बघितलंय?" अंजली म्हणाली.

"लग्न झाल्यापासून आपण फक्त मोशी ते औसा आन् औसा ते मोशी करायलोत. कुणाचं बारसं, कुणाची हळद."

"मग चला की."

"कशानं जायचं?"

या 'कशानं'वर गोष्ट अडली. ट्रॅव्हल्सच्या बसमध्ये पडदे लावून झोपायचं, तर मधलं काहीच दिसत नाही. गाडी भाड्यानं घ्यायची, तर ड्रायव्हरच्या जेवणाच्या वेळा सांभाळायच्या. धम्मरत्न मोबाइलवर मोटरसायकली बघायला लागला. लांब पल्ल्याच्या, उंच, दोन्ही बाजूंना पेट्या लावलेल्या. नवी घेणं परवडणार नव्हतं, म्हणून जुन्या बघायला लागला. रात्री झोपेत कूस बदलताना एकदा तो 'डबल डिस्क' असं काहीतरी पुटपुटला, तेव्हा अंजलीनं ठरवलं की हे आता थांबवायला पाहिजे.

एका शनिवारी दोघांची सुटी जुळली. जाहिरात होती पिंपरीतल्या संत तुकाराम नगरमधली. फोटो झकास होता. किलोमीटरच्या रकान्यात मात्र 'भेटल्यावर सांगू' असं लिहिलेलं. धम्मरत्ननं महाळुंग्याच्या प्रज्वलला बोलावून घेतलं. प्रज्वलचं तिथं गॅरेज होतं, आणि धम्मरत्नची स्कूटर त्याच्याच हाताखालून जायची.

दार उघडलं ते सत्तरीच्या एका गोऱ्यागोमट्या गृहस्थांनी. ते म्हणाले, "मी अर्जुनराव. गाडी खाली आहे. पण मला काही विचारू नका. मला फक्त मागची सीट माहिती आहे."

धम्मरत्न हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. तेवढ्यात आतून एक बाई आल्या. बारीक कापलेले पांढरे केस, गळ्यात दोरीला अडकवलेला चष्मा, आणि हातात ऑइलनं काळं झालेलं फडकं.

"मी सुमन. गाडी माझी," त्या म्हणाल्या. "पोस्टात होते. जन्मभर दुसऱ्यांची पत्रं गावोगाव पाठवली. रिटायर झाले तेव्हा म्हटलं, आता ती गावं आपण बघू."

"आणि हे?" अंजलीच्या तोंडून निघून गेलं.

"हे मागे बसून झोपतात," सुमनताई म्हणाल्या. "उटीचा घाट झोपेत चढलेला माणूस आहे हा."

"विश्वास आहे म्हणून झोप लागते," अर्जुनराव शांतपणे म्हणाले.

खाली पार्किंगमध्ये सुमनताईंनी कव्हर ओढलं. गाडी फोटोतल्यापेक्षा मोठी होती आणि फोटोतल्यापेक्षा जुनी. रंग उन्हानं फिका पडलेला, ॲल्युमिनियमच्या डाव्या पेटीला हाताचा पंजा मावेल एवढा पोचा.

"हे काय झालं होतं?" धम्मरत्ननं विचारलं.

"सिक्कीम. याकनं शिंग मारलं. चूक माझीच, मी त्याच्या सावलीत गाडी लावली होती."

धम्मरत्ननं वाकून मीटर बघितला. मग चष्मा पुसून पुन्हा बघितला. सव्वा लाखाला थोडेच किलोमीटर कमी होते. त्याचा चेहरा एवढा उतरला की अर्जुनरावांनी त्याच्यासाठी खुर्ची पुढे केली.

प्रज्वल तोवर कामाला लागला होता. त्यानं चेन ओढून बघितली, पुढचं चाक उचलून हलवलं, ऑइल बोटावर घेऊन त्याचा वास घेतला, गाडी चालू करून डोळे मिटून आवाज ऐकला.

"इंजिन एकदा खोललंय ना, ताई?"

"ऐंशी हजार किलोमीटरला. लपवायचं कशाला?"

"काम चांगलं झालंय," प्रज्वल म्हणाला. मग धम्मरत्नकडे वळला. "भावा, गाडीत खोट न्हाई. पर एवढी चाललेली गाडी म्हंजी पेन्शनर माणूस. सकाळी फिरायला नेशील तर येईल. रोज ड्युटीला लावशील तर कवा बसंल सांगता येत न्हाई. आता तुझं तू बघ." एवढं बोलून, गॅरेजवर गिऱ्हाईक थांबलंय म्हणत तो निघून गेला.

"पेन्शनरांना नावं ठेवायची नाहीत," अर्जुनराव त्याच्या पाठीमागे ओरडले. "इथं दोघं उभे आहेत!"

सगळे हसले, पण धम्मरत्नचं मन उडालं होतं. त्यानं अंजलीला बाजूला घेतलं. "चल, जाऊ. एवढी चाललेली कोण घेतं? रस्त्यात बंद पडली तर काय करावं?"

अंजलीला खरं तर आनंद व्हायला हवा होता. काही न बोलता काम झालं होतं. पण तिचं लक्ष गाडीच्या बोल्टांकडे गेलं होतं. महाळुंग्याच्या एका कंपनीत ती प्रेस शॉपला, पत्र्याचे भाग ठोकून काढतात तिथं, लाइन लीडर होती, आणि तिच्याकडच्या प्रत्येक मशीनच्या प्रत्येक बोल्टवर एक बारीक पिवळी रेघ ओढलेली असायची. बोल्ट जरा जरी ढिला झाला तरी रेघ तुटते आणि लांबूनच कळतं. तशीच रेघ इथंही होती. हँडलच्या बोल्टवर, चाकाच्या नटवर, पेट्यांच्या क्लँपवरसुद्धा. आणि एकही तुटलेली नव्हती.

"ह्या रेघा कुणी ओढल्या?" तिनं विचारलं.

"मीच. भाचा कंपनीत आहे, त्यानं शिकवलं," सुमनताई म्हणाल्या. "नेलपेंटनं ओढल्यात. पिवळं नेलपेंट मिळायला किती दुकानं फिरले विचारू नकोस."

अंजलीनं अंगठा एका रेघेवरून फिरवला. तिच्या लाइनवर दोन प्रेस होत्या. एक गेल्या वर्षी आलेली, ती दर आठवड्याला रुसायची. दुसरी ती नोकरीला लागायच्या आधीपासूनची होती, आणि तिच्याकडे अंजली विश्वासानं पाठ करून उभी राहायची.

"मला एक चक्कर मिळेल का? मागं बसून?" तिनं विचारलं.

धम्मरत्न बघतच राहिला.

"कॉलनीतल्या कॉलनीत चक्कर मारून गाडी कळत नाही," सुमनताई हेल्मेट डोक्यात घालत म्हणाल्या. "चाकणला जाऊ. आज कांद्याचा बाजार आहे, आम्हाला कांदे घ्यायचेतच. खड्डे आहेत, ट्रक आहेत, ट्रॅफिक आहे. त्या रस्त्यावर जी गाडी आणि जो माणूस चिडत नाही, ते कुठंही जाऊ शकतात."

अशी ही वरात निघाली. पुढे सुमनताई आणि मागे अंजली. त्यांच्या मागे स्कूटरवर धम्मरत्न आणि त्याच्या मागे अर्जुनराव. भोसरी यायच्या आत अर्जुनरावांना झोप लागली. त्यांचं हेल्मेट धम्मरत्नच्या हेल्मेटवर टकटक वाजायला लागलं. "काका, अहो काका," असं म्हणत, एका हातानं त्यांना सावरत धम्मरत्न ट्रकांच्या मधून चालला होता. सिग्नलला शेजारच्या कंपनी बसमधली माणसं खिडकीतून मान काढून बघत होती.

अंजलीला त्यातलं काही माहीत नव्हतं. हाच रस्ता ती कितीतरी वर्षं कंपनीच्या बसमधून रोज बघत होती; बघत म्हणजे काय, खिडकीला डोकं टेकून झोपत होती. पण इंद्रायणीचा पूल ओलांडला की हवा एकदम गार लागते, हे तिला आज कळलं. पुढे कुठल्याशा शेडमधून तापलेल्या रबराचा वास आला, मग भज्यांचा, मग एका टेम्पोतून ओल्या मेथीचा. खड्डा आला की गाडी एकदा खाली बसायची, एकदा वर यायची, आणि विषय संपायचा. कंबरेला हिसका नाही की काही नाही. ट्रेलरच्या बाजूनं जाताना तिनं आधी डोळे मिटले. दुसऱ्या वेळी एकच डोळा मिटला. तिसऱ्या वेळी तिनं ड्रायव्हरला हात केला, आणि त्यानंही हॉर्न वाजवून उत्तर दिलं.

"बरं वाटतंय का?" सुमनताईंनी ओरडून विचारलं.

"ताई, तुम्ही ही विकताय कशाला?"

"पाय टेकत नाहीत आता नीट! व्हॅन घेतलीय. मागे गादी टाकलीय. ह्यांना आडवं झोपता येईल!"

चाकणला पोचल्यावर सुमनताईंनी चावी धम्मरत्नच्या हातात दिली. "आता तुम्ही दोघं एक चक्कर मारून या. आम्ही कांदे बघतो." नुकत्याच जाग्या झालेल्या अर्जुनरावांना घेऊन त्या बाजारात शिरल्या.

धम्मरत्न गाडीवर बसला तो एखाद्या साहेबांच्या खुर्चीवर बसावं तसा, अंग चोरून. अंजली मागे बसली. बाजाराच्या फाटकापर्यंत सगळं छान झालं. तिथं कांद्याच्या गोण्यांनी शिगोशीग भरलेला एक टेम्पो अचानक वळला. धम्मरत्ननं घाबरून दोन्ही ब्रेक दाबले, हँडल आवळलं आणि गाडी बंद पडली. बरोबर फाटकाच्या मध्यावर.

त्यानं बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. दिवे लागत होते, मीटर दिसत होता, पण इंजिन हूं का चूं करेना. मागे एक टेम्पो थांबला, त्याच्या मागे दुसरा, मग ट्रॅक्टर. हॉर्न सुरू झाले.

"म्हणलो होतो मी!" धम्मरत्न घामाघूम होऊन म्हणाला. "बंद पडंल म्हणलो होतो!"

बघता बघता माणसं जमली. एक म्हणाला बॅटरी गेली. दुसरा म्हणाला प्लग काढून पुसा. गोणी टेकवून उभा राहिलेला एक जण म्हणाला, "पेट्रोल हाय का बघा आधी." धोतरातले एक आजोबा, धोंडीबा म्हणत होते त्यांना सगळे, गाडीभोवती पूर्ण प्रदक्षिणा घालून आले आणि म्हणाले, "आमच्या पाण्याच्या मोटारीला बी असंच हुतं. एक लाथ घालावी लागती."

"नका हो, लाथ नका," धम्मरत्न काकुळतीला आला. त्यानं सुमनताईंना फोन लावला. पलीकडून नुसता लिलावाचा गलका ऐकू आला.

अंजली खाली उतरली होती. कामावर लाइन थांबली की ती जे करायची तेच तिनं केलं: आधी कुणाचंच ऐकलं नाही. मशीन धडधाकट आहे, करंट आहे, तरी चालत नाही, म्हणजे पहिल्यांदा बघायचं ते लाल बटण. घाईत कुणाचा तरी हात त्याला लागलेला असतो आणि सगळे मशीन खोलायला निघालेले असतात. तिनं हँडलच्या उजव्या बाजूला बघितलं. तिथं लाल बटण होतं, आणि ते बंदच्या बाजूला होतं. ब्रेक आवळताना धम्मरत्नचा अंगठा त्याला लागला होता.

तिनं एका बोटानं ते सरकवलं. "आता दाबा."

गाडी चालू झाली.

जमलेल्या माणसांनी अशी आरोळी ठोकली की लिलाव क्षणभर थांबला असावा. ट्रॅक्टरवाल्यानं लांबच लांब हॉर्न वाजवला. धोंडीबा आजोबांनी अंजलीकडे बघून मान डोलावली. "लाथ वाचली बगा," ते म्हणाले आणि खिशातून एक कांदा काढून त्यांनी तिच्या हातावर ठेवला.

तेवढ्यात सुमनताई धापा टाकत आल्या. काय झालं ते ऐकून त्यांना हसू आवरेना. "अगं, याच बटणापायी मी जैसलमेरच्या पुढे वाळूत बसून रडले होते. ह्यांना उठवलं, तर हे म्हणाले, 'झोप काढ थोडी, आपोआप सुरू होईल.'"

"झालीच ना पण?" अर्जुनराव म्हणाले.

धम्मरत्न हसला नाही. तो अजून हँडल धरून उभा होता. अंजली त्याच्याजवळ गेली आणि म्हणाली, "उतरा. मागं बसा."

"तू? अगं, ही स्कूटर नाही."

"लग्नाच्या आधी भावाची गाडी मीच चालवायची. तुम्ही कधी विचारलं नाही."

"लायसन?"

"आहे. गिअरचं. तेही तुम्ही कधी विचारलं नाही."

बाजाराच्या गर्दीतून सुमनताईंनीच गाडी बाहेर काढून दिली; स्कूटर मागून आली. पुढे महाळुंग्याकडे एमआयडीसीचे रुंद रस्ते लागले. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, कडेला ओळीनं उभे ट्रेलर, मधे मोकळा डांबरी पट्टा. तिथं सुमनताई आणि अर्जुनराव स्कूटरपाशी थांबले आणि अंजली पुढे बसली. पहिला गिअर टाकताना गाडीनं एक गचका दिला आणि धम्मरत्ननं तिच्या कंबरेला मिठी मारली. दुसरा गिअर पडला. तिसरा पडला. मग गचके संपले आणि वारा सुरू झाला.

तिच्या स्वतःच्या कंपनीच्या फाटकावरून ती गेली, तेव्हा वॉचमन नानासाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले. कुणीतरी मोठे साहेब आले असं समजून त्यांनी सलाम ठोकला. मग हेल्मेटच्या काचेतून चेहरा ओळखला. "अंजलीताई?" असं म्हणून त्यांनी दुसरा सलाम ठोकला, तो पहिल्यापेक्षा कडक.

मागे बसलेल्या धम्मरत्नला एक गोष्ट हळूहळू जाणवत होती. आज पुढचा रस्ता त्याला तपासायचा नव्हता. खड्डा अंजली बघत होती, वळण अंजली बघत होती. त्याला फक्त बसायचं होतं. कितीतरी वर्षांत असं नुसतं बसायला मिळालं नव्हतं. कंपन्यांच्या भिंतींपलीकडे, लांब, चाकणच्या डोंगरांच्या निळ्या कडा दिसत होत्या. तो इतकी वर्षं याच भागात ट्रक भरत होता, पण इथून डोंगर दिसतात हे त्यानं आजच बघितलं. तो हसायला लागला. आधी हळू, मग मोठ्यानं.

"काय झालं?" अंजलीनं विचारलं.

"काही नाही. चालव."

परत त्या दोघांपाशी आल्यावर गाडी उभी करून अंजलीनं हेल्मेट काढलं. तिचे केस चपटे झाले होते, गाल लाल झाले होते, आणि ती विशीतल्या पोरीसारखी दिसत होती.

"काय म्हणता?" तिनं विचारलं.

"घेऊ."

"पण सव्वा लाख चाललीय ना?"

"चाललीय," धम्मरत्न म्हणाला. "एवढी चालली, म्हणजे चालते की. अजून वेगळं प्रमाणपत्र काय पाहिजे?"

सुमनताईंनी घासाघीस केली नाही आणि धम्मरत्ननंही केली नाही. एका बाकावर उसाचा रस पीत भाव ठरला. गाडीच्या एका पेटीत कांदे, दुसऱ्या पेटीत कांदे, असे ते चौघं परत पिंपरीला आले.

कागद नावावर व्हायला थोडे दिवस गेले. त्या दिवसांत सुमनताईंनी अंजलीला घरी बोलावून चेनला तेल कसं द्यायचं, ओल्या रस्त्यावर ब्रेक कसा दाबायचा, पेट्यांत जड सामान खाली कसं ठेवायचं, सगळं शिकवलं. पिवळ्या नेलपेंटची बाटलीही दिली. गाडी न्यायच्या दिवशी अर्जुनरावांनी मागच्या सीटवर हात फिरवला आणि म्हणाले, "फार चांगली झोप दिली हिनं." मग धम्मरत्नच्या खांद्यावर थोपटलं. "तुमची पाठही वाईट नव्हती."

मोशीच्या सोसायटीत गाडी आली ती रविवारी दुपारी. पार्किंगमध्ये गाडी उभी राहतेय तोच वरच्या मजल्यावरची मोनिका खाली आली. ती बँकेत होती, कधी फार बोलायची नाही. तिनं गाडीला एक फेरी मारली आणि विचारलं, "मला एक राउंड द्याल?"

अंजलीनं तिला सोसायटीच्या आतल्या रस्त्यावरून एक फेरी मारून आणली. ती उतरेपर्यंत पाच-सहा जणी उभ्या होत्या. तानुबाई, ज्या जिने झाडायच्या, त्यांनी झाडू भिंतीला लावला आणि पदर खोचला. "आमी बी बसनार," त्या म्हणाल्या. त्या बसल्या आणि पूर्ण फेरीभर खिडक्यांकडे बघून हात हलवत राहिल्या. कुणाच्या सासूबाई आल्या, त्यांना चढवायला तिघी लागल्या आणि उतरवायला कुणीच लागलं नाही, कारण त्या उतरायलाच तयार नव्हत्या. धम्मरत्न हेल्मेट घेऊन उभा होता. एकीच्या डोक्यावरून काढायचं, पुसायचं, दुसरीच्या डोक्यावर घालायचं, पट्टा लावायचा. बाल्कन्यांमधून शिट्ट्या वाजत होत्या. ऊन कललं तरी रांग संपेना.

शेवटी सगळ्या वर गेल्या. अंजली गाडीवर बसूनच होती.

"आता तुमची पाळी," ती म्हणाली.

धम्मरत्ननं हेल्मेट घातलं आणि मागे बसला. गाडी आतल्या रस्त्यानं निघाली, पण वळणावर वळली नाही. फाटकातून सरळ बाहेर पडली.

"कुठं?" त्यानं विचारलं.

"पेट्रोल भरायला."

पंप आला. पंप गेला. पुढे रस्ता नाशिककडे सरळ पसरला होता आणि ट्रकांचे दिवे एकेक करून लागत होते. धम्मरत्ननं हेल्मेटची काच वर केली आणि वारा तोंडावर घेतला.